नेमकी कोणती गोळी नडली?

प्रश्न : माझ्या सासूबाई 76 वर्षांच्या आहेत. रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन, सासरे गेल्यापासून मन थाऱ्यावर राहावं म्हणून एस्सिटॅलोप्रॅम 20 मिलिग्रॅम, आणि तीन वर्षांपासून रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, जिच्यात पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र असतं, एवढं त्या घ्यायच्या. गेल्या महिन्यात त्यांना तीन दिवस जुलाब झाले. ते थांबतात न थांबतात तोच छातीत कफ भरला. दीड वर्षापूर्वी अशाच खोकल्याला डॉक्टरांनी अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं होतं. तीच चिठ्ठी दाखवून मी पाच गोळ्या आणल्या. तिसऱ्या रात्री त्या पलंगावर बसल्या बसल्या कोसळल्या. हातपाय झटकले, डोळे फिरले, आणि अर्ध्या मिनिटात आपोआप शुद्धीवर आल्या. रुग्णालयात ईसीजीत क्यूटीसी 520 आला, पोटॅशियम 2.8 निघालं. चार दिवस आयसीयूत होत्या. आता डॉम्पेरिडोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन बंद आहे, क्लोरथॅलिडोनऐवजी अ‍ॅम्लोडिपिन दिलंय, आणि एस्सिटॅलोप्रॅमपुढे डिस्चार्ज कार्डावर फक्त 'मानसोपचारतज्ज्ञांना विचारा' असं लिहिलंय. नणंदबाई म्हणतात, तुझ्या गोळीनं आई जाता जाता वाचली. सासूबाई तर आता एकही गोळी तोंडात घालायला तयार नाहीत, रक्तदाबाचीसुद्धा नाही. नेमकी कोणती गोळी नडली? आणि आता सगळ्याच बंद कराव्यात का?

उत्तर : ताई, आधी अ‍ॅम्लोडिपिनचं बोलू, बाकीचं नंतर. ती गोळी आजपासून सुरू व्हायला हवी. तुम्ही लिहिलेल्या साऱ्या यादीत ही एकच गोळी अशी आहे की जिचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही. ठोक्यांच्या लयीला ती धक्का लावत नाही, पोटॅशियमही कमी करत नाही, आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ती त्याच कारणासाठी निवडली असणार. सासूबाईंना म्हणावं, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका.

आता चोराकडे वळू. अडचण अशी की इथे चोर एकटा नव्हता.

रुग्णालयातल्या ईसीजीची प्रत तुमच्याकडे असेल तर समोर घ्या. त्या कागदावर बारीक चौकटी असतात. कागद नेहमीच्या वेगानं सरकत असेल तर एक छोटी चौकट म्हणजे 40 मिलिसेकंद. प्रत्येक ठोक्यात एक उंच टोकदार रेघ दिसते आणि शेवटी एक बुटका गोलसर उंचवटा येतो. टोकदार भागाच्या सुरुवातीपासून त्या उंचवट्याच्या शेवटापर्यंतचं अंतर म्हणजे क्यूटी. ठोक्यांच्या वेगाप्रमाणे तो कमीजास्त होतो, म्हणून हिशेबानं दुरुस्त करून जो आकडा लिहितात तो क्यूटीसी. बायकांमध्ये साधारण 460 मिलिसेकंदांपर्यंत तो ठीक मानतात, म्हणजे साडेअकरा चौकटी. सासूबाईंचा होता तेरा चौकटी. दीड चौकट वाढली तर एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण 500 ओलांडलं की आम्ही डॉक्टर खुर्चीतून उठतो.

त्या अंतरात हृदय काय करत असतं? एक ठोका दिल्यावर स्नायूची प्रत्येक पेशी पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होत असते. त्यासाठी तिच्यातलं पोटॅशियम एका विशिष्ट वाहिनीतून बाहेर जावं लागतं. ही वाहिनी बिचारी मोठी विचित्र आहे. तिचं तोंड रुंद, आणि कितीतरी वेगवेगळ्या औषधांचे रेणू तिच्यात जाऊन अडकतात. ते औषध पोटासाठी आहे, मनासाठी आहे की जंतूंसाठी, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. वाहिनी अडली की पेशीची तयारी लांबते, आणि त्या अर्धवट अवस्थेत एखादा चुकार ठोका आला की लय बिघडते. ठोके मिनिटाला दोनअडीचशेच्या वेगानं धावू लागतात, रक्त पुढे जात नाही, माणूस कोसळतो. मेंदूला रक्त न मिळाल्यानं हातपाय झटकतात आणि घरच्यांना ती मिरगी वाटते. बहुतेकदा ही लय काही सेकंदांत आपोआप थांबते. कधीकधी थांबत नाही, आणि मग मृत्यू येतो. तुमच्या सासूबाई अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आल्या, याचं मोल मोठं आहे.

या बिघाडाला नाव दिलं देसेर्तेन नावाच्या फ्रेंच हृदयतज्ज्ञानं, 1966 मध्ये. ईसीजीवर टोकं स्वतःभोवती पीळ घेत जाताना दिसतात, म्हणून 'टोकांचा पीळ' अशा अर्थाचं फ्रेंच नाव. आमच्या वॉर्डात त्याचं नुसतं 'टोरसाड' झालं. त्याची ती पहिली रुग्ण 80 वर्षांची बाई होती, हे मला दर वेळी आठवतं. आजही हा त्रास होणाऱ्यांत साधारण दोनतृतीयांश बायका असतात.

तर सासूबाईंच्या बाबतीत थेंबे थेंबे तळे कसं साचलं ते पाहा. क्लोरथॅलिडोन ही लघवीची गोळी, ते लघवीवाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही घालवतं. शिवाय ते अंगात दोनतीन दिवस रेंगाळतं, म्हणजे जुलाबाच्या दिवशी गोळी चुकवली असती तरी त्याचं काम चालूच राहिलं असतं. पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेतलं तर काही जणांत मॅग्नेशियम उतरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2011 मध्ये या वर्गातल्या सगळ्याच औषधांबद्दल तसा इशारा दिला होता. मॅग्नेशियम कमी असलं की शरीराला पोटॅशियम धरून ठेवता येत नाही. त्यावर तीन दिवसांचे जुलाब आले आणि उरलंसुरलं पोटॅशियम गेलं. रक्तात पोटॅशियम कमी झालं की ती वाहिनी आधीच मंदावते, आणि औषधांचा अडसर तिच्यात आणखी घट्ट बसतो. एस्सिटॅलोप्रॅम आणि डॉम्पेरिडोन हे दोन अडसर तिथे आधीपासून होतेच. अ‍ॅझिथ्रोमायसिन हा तिसरा.

म्हणजे तुमची गोळी शेवटी आली. नणंदबाईंना ती दिसली, कारण शेवटचा माणूसच दारात सापडतो.

तरी मी तुम्हाला सरसकट निर्दोष सोडणार नाही. दीड वर्षापूर्वीच्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक आणणं चूकच. चिठ्ठी त्या दिवसाच्या माणसाला दिलेली असते, आणि तुमच्या सासूबाईंच्या अंगात त्या आठवड्यात पोटॅशियम नव्हतं. शिवाय असा खोकला बहुधा विषाणूचा असतो, त्याला या गोळीचा उपयोगही नसतो. पण तुमची चूक एका पाकिटाची होती. डॉम्पेरिडोन तीन वर्षं चालू राहिलं ही चूक आमच्या धंद्याची आहे आणि ती मोठी आहे. युरोपच्या औषध संस्थेनं 2014 मध्येच सांगितलं होतं की हे औषध फक्त मळमळ आणि उलटीसाठी द्यावं, एका वेळी 10 मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि सहसा आठवड्याच्या वर नाही. छातीतली जळजळ, पोटफुगी यांसाठी ते देऊच नये. साठीपुढच्या माणसांत आणि दिवसाला 30 मिलिग्रॅमच्या वर गेल्यास धोका जास्त दिसला होता. तशाच कामाचं दुसरं औषध, सिसाप्राइड, याच कारणानं 2000 साली अमेरिकेच्या बाजारातून गेलं. तरीही डॉम्पेरिडोन कॅप्सूलमध्ये दुसऱ्या औषधाच्या पोटात बसून येतं, आणि घेणाऱ्याला आपण ते घेतोय हेही माहीत नसतं. जोडगोळ्यांवर माझा राग आहे तो यासाठी.

एस्सिटॅलोप्रॅमचंही तसंच. ब्रिटनच्या नियामकानं 2011 मध्ये पासष्टीपुढच्यांसाठी त्याची मर्यादा दिवसाला 10 मिलिग्रॅम ठरवली. सासूबाईंना 20 चालू होतं. पहिल्या वेळी डोस वाढवला तेव्हा त्या बासष्टीच्या असतील आणि नंतर कुणी मागे वळून पाहिलं नसेल, असं होतं. चिठ्ठी पुढे चालू राहते आणि माणूस म्हातारा होत जातो.

पण हे वाचून ती गोळी उद्यापासून बंद करू नका. एकदम सोडली तर घेरी, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, रडू कोसळणं असं सगळं होतं, आणि मग पुन्हा चक्कर आली तर ती हृदयाची की गोळी सोडल्याची हे कुणालाच कळणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे या आठवड्यातच जा, महिनाअखेरची वाट पाहू नका. ईसीजीची प्रत हातात ठेवा आणि सरळ विचारा, 10 वर आणायचं की सर्ट्रालिनसारख्या क्यूटीच्या दृष्टीनं सौम्य गोळीवर जायचं. त्याच वेळी रक्तातलं सोडियमही तपासून घ्या. या वर्गाच्या गोळ्या आणि लघवीची गोळी एकत्र असली की म्हातारपणी सोडियम उतरतं, आणि त्यानंही माणूस पडतो. दुःख मात्र खरं आहे, त्याचा इलाज थांबता कामा नये. ती गोळी त्या हौसेनं घेत नव्हत्या.

एकाच गोळीचा धोका माणसागणिक किती बदलतो, याचा एक आकडा मला महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅझिथ्रोमायसिनवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जो 2012 मध्ये छापून आला, अ‍ॅमॉक्सिसिलिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या तुलनेत दर दहा लाख वेळा औषध दिल्यामागे हृदयविकाराचे 47 मृत्यू जास्त आढळले. ज्यांना हृदयविकाराचा धोका आधीच सर्वांत जास्त होता अशा दहा टक्के लोकांत हाच आकडा 245 होता. तरण्याताठ्या माणसाला हे औषध देताना मी फारसा विचार करत नाही. सत्तरीपुढच्या, मनाची गोळी घेणाऱ्या, नुकतेच जुलाब झालेल्या बाईला देताना हात थांबायला हवा.

म्हातारपणी हे जास्त का होतं, तर एक कारण मूत्रपिंड. ती हळूहळू मंदावतात आणि औषध अंगात साचत जातं. गंमत म्हणजे किडनीच्या तपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा छान दिसतो, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि स्नायूच झिजलेले असतात. 'किडनी नॉर्मल आहे' असं कुणी म्हणालं तर वय आणि वजन धरून हिशेब केलाय का, हे विचारा. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांना हे जास्तच लागू पडतं. त्यात औषधाच्या आणि विषाच्या मात्रेत बोटभर अंतर असतं. जेवण नकोसं होणं, मळमळ, सगळं पिवळसर दिसणं ही त्याची खूण.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी उलट्या टोकाचा त्रासही सांगून ठेवतो. ठोके फार मंदावण्याचा. माझ्याकडे एक आजोबा चालता चालता भोवळ येते म्हणून आले होते. नाडी 38. कागदावर तीनच गोळ्या लिहिलेल्या, त्यातली एक मेटोप्रोलॉल. ती ठोके मंदावते, पण एवढी मात्रा नव्हती. उठता उठता त्यांनी शर्टाच्या खिशातून छोटी बाटली काढली आणि डोळ्यात थेंब टाकला. काचबिंदूचं टिमोलॉल. तेही मेटोप्रोलॉलच्याच जातीचं. डोळ्यातला थेंब नाकात उतरतो आणि तिथून यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातो. "ही बाटली यादीत का नाही?" म्हटलं तर म्हणाले, "डॉक्टर, थेंब म्हणजे काय औषध थोडंच!" नेत्रतज्ज्ञांनी थेंब बदलून दिले, नाडी 60 वर आली. कुणाला ते थेंब घ्यावेच लागत असतील तर थेंब टाकल्यावर डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरावा, म्हणजे अंगात कमी उतरतं. स्मरणशक्तीसाठी देतात ते डोनेपेझिल तर ठोके मंदावतं आणि क्यूटीही लांबवतं. पुढे कधी सासूबाईंसाठी तो विषय निघाला तर हे आजारपण आधी सांगा.

आता घरी काय करायचं. एक कागद घ्या. सगळ्यात वर, ठळक, लिहा : 'क्यूटीसी 520, पोटॅशियम 2.8', त्यापुढे तारीख आणि तेव्हा चालू असलेली औषधं. खाली आता चालू असलेलं सगळं, प्रत्येक गोळीच्या आतल्या औषधाच्या नावानं, ब्रँडच्या नावानं नाही. जोडगोळी असेल तर दोन्ही नावं. डोळ्याचे थेंब, दम्याचा पंप, मलम, चूर्ण, सगळं. चूर्ण मुद्दाम म्हणतोय, कारण खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्यांचं पोटॅशियम उतरतं, आणि ते कुणी डॉक्टरांना सांगत नाही. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायला भिंग लागलं तर घ्या. हा कागद दंतवैद्यालाही दाखवायचा.

नवं औषध कुणीही दिलं की एकच प्रश्न विचारायचा : "यानं क्यूटी लांबतो का?" विचारायला संकोच करू नका, चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. विशेष जपायचं ते एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, उलटीवरचं ऑन्डॅन्सेट्रॉन, आणि रुग्णालयात रात्री भ्रम झाला की टोचतात ते हॅलोपेरिडॉल. हे शेवटचं तुम्ही जवळ नसताना दिलं जाऊ शकतं, म्हणून भरती करतानाच कागद परिचारिकेच्या हातात द्या. छातीच्या संसर्गाला खरोखर अँटिबायोटिक लागलंच तर अ‍ॅमॉक्सिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिन क्यूटीला हात लावत नाहीत. कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पर्याय आहेत एवढं तुमच्या ध्यानात असू द्या.

आता तब्येत शांत असताना एक ईसीजी काढून ठेवा. पुढच्या प्रत्येक ईसीजीची तुलना त्याच्याशी होईल, आणि त्यात 60 मिलिसेकंदांची वाढ दिसली तर आकडा 500 खाली असला तरी दखल घ्यावी लागते. मनाच्या गोळीत बदल झाला की एकदोन आठवड्यांनी पुन्हा एक काढा. पोटॅशियम 4 च्या वर ठेवायचं असं त्यांच्या डॉक्टरांशी ठरवून घ्या, आणि मॅग्नेशियम तपासायला मुद्दाम सांगा, नेहमीच्या तपासण्यांत ते नसतं. मनगटावरच्या घड्याळाच्या ईसीजीवर क्यूटीसाठी विसंबू नका. रक्तदाबाच्या यंत्रावर खाली नाडीचा आकडा येतो, तो मात्र रोज लिहा. घेरी येतेय आणि नाडी 50 च्या खाली, तर त्याच दिवशी फोन करा.

पुन्हा जुलाब किंवा उलट्या झाल्या तर पहिल्या दिवसापासून ओआरएस द्या, त्यात पोटॅशियम असतं, साध्या पाण्यात नसतं. दुसऱ्या दिवशीही थांबलं नाही तर रक्त तपासा.

आणि कोसळण्यातला फरक ओळखायला शिका. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन, घाम सुटून, हळूहळू खाली बसलेलं माणूस वेगळं. बसल्या किंवा आडव्या अवस्थेत, काही सूचना न देता शुद्ध गेली, किंवा हातपाय झटकले, तर घरी वाट पाहायची नाही, थेट ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात. तिथे कुणी मिरगीची गोळी लिहायला घेतली तर आधी कागद पुढे करा.

एक शेवटची गोष्ट, ती अ‍ॅम्लोडिपिनबद्दलच. महिन्या-दोन महिन्यांत सासूबाईंच्या घोट्यांवर सूज दिसू शकते. ती या गोळीमुळे येते, पाणी साठल्यानं नाही. पण पाय सुजले म्हटल्यावर कुणीतरी पटकन लघवीची गोळी लिहून देईल, पोटॅशियम पुन्हा उतरेल, आणि आपण फिरून त्याच पलंगापाशी येऊ. त्या कागदाच्या मागच्या बाजूला आत्ताच लिहून ठेवा : 'पाय सुजल्यास लघवीची गोळी सुरू करण्याआधी अ‍ॅम्लोडिपिनचा डोस पाहा.' हे वाक्य नणंदबाईंकडून लिहून घेतलंत तर आणखी बरं. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे आईबरोबर त्याच जाणार असतील.